शटल आहे का? : जुनी पायमशीन घेणाऱ्या नवशिक्यांसाठी

माझी पहिली पायमशीन, म्हणजे पायानं चालवायची शिलाई मशीन, मी पुण्याच्या जुन्या बाजारातून साडेतीन हजारांना आणली. काळी कुळकुळीत, वर सोनेरी नक्षी, खाली बिडाचं जाळीदार स्टँड. टेम्पोला सातशे गेले, दोन मजले चढवायला दोन हमाल लागले. रात्री सगळे झोपल्यावर मोठ्या हौसेनं सुईजवळची चकचकीत पट्टी सरकवली, तर आत नुसती पोकळी. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या टेलरकाकांना बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, आत बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, गाडी घेऊन आलात, बैल बाजारातच राहिले की."

शटल नव्हतं. बोटभर लांबीचा, छोट्या होडीसारखा, खालच्या धाग्याची बॉबिन (छोटं रीळ) पोटात घेऊन फिरणारा तो तुकडा मिळवायला मला पाच महिने लागले. तुमचे पाच महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी ठरवा, मशीन चालवायची आहे की नुसती दिसायला हवी?

दिसायलाच हवी असेल तर माझी एक कळकळीची विनंती आहे. हल्ली कॅफेत, हॉटेलांत सिंगरच्या स्टँडवर काच किंवा ग्रॅनाइट टाकून टेबल करतात, कुणी वॉशबेसिनही बसवतात. अशा कितीतरी टेबलांमागे एकेक चालणारी मशीन किलोच्या भावानं भंगारात गेलेली असते. तसं टेबल हवंच असेल तर ज्याची वरची मशीन आधीच गेली आहे असं सुटं स्टँड शोधा. अशी भरपूर मिळतात. वरची मशीन, लाकडी टेबल आणि स्टँड ही तिन्ही मूळची एकत्र असतील तर कृपा करून ती जोडी मोडू नका.

चालवायची असेल तर पुढचं सगळं वाचा. जुन्या मशिनीत चालती मशीन ही मला नेहमी देखण्या मशिनीपेक्षा वरची वाटते. नक्षी झिजलेली असणं म्हणजे तिच्यावर कुणीतरी आयुष्यभर शिवलंय.

२. कोणती मशीन आहे ते बॉबिनवरून ओळखा

नावावर जाऊ नका. आपल्याकडे जुन्यात सर्वांत जास्त दिसते ती सिंगर. कंपनीचा माल एकोणिसाव्या शतकातच मुंबईत येत होता आणि शतकाच्या अखेरीपासून नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी तिचा भारतातला कारभार वाढवला. हप्त्यांवर मशीन देण्याची पद्धत सिंगरनं अमेरिकेत १८५६ पासूनच चालू केली होती. नंतर जर्मनीची फाफ आणि १९३०च्या दशकात कलकत्त्याची उषा आली. पण नवशिक्यानं आधी सुईखालची पट्टी सरकवून आत काय आहे ते बघावं.

लांब शटलवाली: आत होडीसारखं किंवा बंदुकीच्या गोळीसारखं लांबट शटल, त्यात पेन्सिलीसारखी बारीक लांब बॉबिन. चाक फिरवलं की शटल पाळण्यासारखं मागेपुढे झुलतं. सिंगरचे २७, २८, १२७, १२८ हे नमुने या घरातले. २८ आणि १२८ आकारानं लहान. बॉबिन भरायची चकती खाली, टेबलाजवळ असेल तर जुना नमुना २७ किंवा २८. वर, हातचाकाच्या बाजूला असेल तर बहुतेक १२७ किंवा १२८. आवाज मऊ, टिकटिक असा. माझी सगळ्यांत आवडती हीच. आणि शटल हरवलेली सापडते तीही हीच.

गोल बॉबिन, बाजूने बसणारी: सिंगर १५. धाग्याचा ताण ठरवणारी टेन्शनची चकती डाव्या टोकाच्या पट्टीवर असते. जपानी आणि भारतीय कारखान्यांनी पुढे याच नमुन्याच्या लाखो मशिनी काढल्या, त्यामुळे सुटे भाग सहज मिळतात. पहिलीच मशीन घेताय आणि डोक्याला ताप नको असेल, तर डोळे मिटून ही घ्या.

गोल बॉबिन, वरून पडणारी: सिंगर ६६, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. लाल-सोनेरी नक्षीतली 'रेड आय' म्हणून संग्राहक जिच्यावर जीव टाकतात ती हीच. सुरुवातीच्या काही ६६ मध्ये प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा पाय) बाजूने न बसता मागून बसतो. तो तुटका असेल तर दुसरा मिळवताना दमछाक होते.

चौथा प्रकार म्हणजे सिंगर १२, म्हणजे १८६५ पासूनची 'न्यू फॅमिली'. तिचा तळ चौकोनी नसून व्हायोलिनसारखा कमरेत आत गेलेला असतो. बघताक्षणी घ्यावीशी वाटते. पण तिची सुई वेगळी, आज कुठल्याच साध्या दुकानात न मिळणारी. नवशिक्यानं लांबून नमस्कार करावा, निदान पहिल्या वर्षी तरी.

बाकीच्या तिन्ही प्रकारांना आजची साधी घरगुती सुई चालते. टेलरिंगच्या दुकानात 'एचए एक्स वन' म्हणून मागा. जाडी चौदा किंवा सोळा नंबर.

३. नंबर वाचा

सिंगरच्या तळावर उजव्या बाजूला, खांबाच्या पायथ्याशी, धातूवर ठोकलेला नंबर असतो. त्यावर शंभर वर्षांचं तेल आणि धूळ बसलेली असते. कापसाला मशीनचं तेल लावून हळूच पुसा आणि मोबाईलचा टॉर्च आडवा धरा. उजेड आडवा पडला की आकडे उठून दिसतात.

नुसते आकडे असतील तर मशीन १९०० च्या आधीची. त्यानंतर नंबरापुढे इंग्रजी अक्षर आलं. एफ, एस, वाय अशी अक्षरं, किंवा पुढच्या काळातली ई पासून सुरू होणारी दोन अक्षरं म्हणजे स्कॉटलंडमधला क्लाइडबँकचा कारखाना. सी म्हणजे जर्मनीतलं विटेनबर्गे, जी म्हणजे अमेरिकेतलं एलिझाबेथपोर्ट. माझी स्वतःची वाय नंबरची आहे, १९२०च्या दशकातली. क्लाइडबँकचा हा कारखाना किलबोवी भागात १८८५ च्या सुमारास पूर्ण झाला आणि १९८० मध्ये बंद पडला. तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव आजही 'सिंगर' आहे. '१५के', '६६के' यातला के हाच, किलबोवीचा.

नंबरांचे गट कारखान्याला कधी वाटून दिले त्या तारखा याद्यांमध्ये सापडतात. तुमची मशीन त्याच दिवशी बनली असं मात्र नाही; वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे धरा. नंबर घासून काढलेला किंवा रंगाखाली बुजवलेला असेल तर भाव करायच्या भानगडीत पडू नका, पुढे चला.

४. कुठे शोधायची

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवार आणि रविवार. सकाळी लवकर जा, उन्हं चढली की चांगला माल गेलेला असतो. मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट. तिथली दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण रस्त्यावरचा बाजार शुक्रवारीच भरतो, आणि मला दुकानांपेक्षा रस्त्यावर जास्त बरं मिळालंय. जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या गल्लीत टेबलं आणि कॅबिनेटं दिसतात, पण वरची मशीन बहुधा गायब.

यापेक्षा चांगली जागा म्हणजे नातेवाईक. घराची पुनर्बांधणी निघाली, वाडा बिल्डरला गेला, आजी गेल्या, की माळ्यावरची मशीन खाली येते आणि दोन दिवसांत भंगारवाल्याकडे जाते. त्या दोन दिवसांत तुमचं नाव लोकांना आठवलं पाहिजे. म्हणून लग्नाकार्यात, सोसायटीत सांगून ठेवा. माझ्या सातपैकी चार मशिनी अशाच आल्या. चिपळूणच्या आत्यानं तर तिची देताना वर खण-नारळ ठेवला होता.

५. जाताना पिशवीत काय न्यायचं

- मोबाईलचा टॉर्च आणि छोटा आरसा (टेबलाखालून बघायला)
- सपाट तोंडाचे दोन पेचकस, एक रुंद, एक बारीक
- मशीनच्या तेलाची कुपी, कापूस, जुनं फडकं
- एचए एक्स वनच्या दोन सुया, धाग्याचं रीळ, जाड सुती कापडाचा तुकडा
- लोहचुंबक (पितळ म्हणून खपवलेलं लोखंड ओळखायला)
- मोजपट्टी: तुमच्या दाराची, जिन्याच्या वळणाची आणि लिफ्टची मापं आधीच लिहून

शेवटची ओळ हसण्यावारी नेऊ नका. सात ड्रॉवरचं कॅबिनेट तिसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलेलं मी पाहिलंय.

६. तपासणी, याच क्रमाने

पहिलं, शटल. नंतर बाकी सगळं. लांब शटलवालीत दोन्ही चकचकीत पट्ट्या आहेत का, सरकतात का, आत शटल आणि निदान एक बॉबिन आहे का. दुकानदार म्हणेल, "शटल कुठंही मिळतं ताई, पन्नास रुपयाला." त्याला हसून म्हणायचं, "मग तुम्हीच आणून ठेवा, मी पुढच्या रविवारी येते."

दुसरं, हातचाक. मोठ्या चाकावरून येणारा चामड्याचा पट्टा काढा आणि चाक स्वतःच्या दिशेनं फिरवा. सिंगर नेहमी शिवणाऱ्याच्या अंगाकडे फिरते. जड फिरली तर घाबरू नका, ते बहुतेक सुकलेलं तेल असतं. अर्ध्यावर येऊन टणक अडली तर मात्र आत काहीतरी तुटलं किंवा वाकलं आहे. या दोन अडण्यांमधला फरक हाताला कळतो: पहिलं अडणं चिकट, मधात चमचा फिरवल्यासारखं, दुसरं खट्कन, दगडाला लागल्यासारखं. चाक नुसतंच फिरत असेल आणि सुई हलत नसेल, तर मधला गोल नट सैल आहे, तो आवळा. बॉबिन भरताना तो सैल करायचाच असतो. या सैल नटामुळे कितीतरी मशिनी 'बिघडल्या' म्हणून विकल्या गेल्यात. तसा विकणारा भेटला तर गप्प राहून भाव करा.

तिसरं, सुईखालचे दाते. मशीन मागे कलती करून खालून टॉर्च मारा. दाते वर येऊन मागे सरकतात, खाली जाऊन पुढे येतात, असा चौकोनी फेरा हवा. अणकुचीदार असावेत, झिजून गुळगुळीत झालेले दाते कापड ओढत नाहीत.

चौथं, कागदावर शिवून बघा. धागा न घालता, वहीच्या कागदावर. भोकं एका रेषेत आणि सारख्या अंतरावर पडली तर अर्ध्याहून जास्त काम झालं. मग धागा ओवून कापडावर. सुई कुठल्या बाजूनं ओवायची यात सगळे अडकतात. सोपी खूण: सुईच्या आधीची धाग्याची शेवटची कडी ज्या बाजूला आहे, त्या बाजूनं धागा आत जातो आणि सुईच्या वरच्या टोकाची सपाट बाजू त्याच्या विरुद्ध बसते. सुई उलटी बसली की टाका सुटतो आणि लोक म्हणतात मशीन गेली.

पाचवं, स्टँड. बीड वाकत नाही, थेट तडकतं. पायांच्या सांध्यांवर आणि मोठ्या चाकाच्या आऱ्यांवर बोट फिरवा. रंगाखाली फुगीर रेघ लागली तर तिथं वेल्डिंग केलेलं आहे, आणि बिडाला साधं वेल्डिंग टिकत नाही. पायडल हलवून पाहा. पायडलपासून मोठ्या चाकाकडे जाणारा दांडा खटखट करत असेल तर त्याच्या टोकाचा नट आवळून बहुतेक वेळा भागतं, त्यासाठी सौदा मोडू नका.

सहावं, ड्रॉवर. सगळे उघडा, पूर्ण बाहेर काढा, मागे हात घाला. मला एका ड्रॉवरमागच्या फटीत लांब बॉबिनी सापडल्या, एकीवर अजून जांभळा धागा होता. आणि एकदा तर बिजागऱ्यांनी उलगडून सपाट होणारी लाकडी पेटी मिळाली, आत मखमलीत बसवलेले हेमर, रफलर, टकर (कड दुमडणारे, चुण्या आणि टक घालणारे जोड). या पेटीवर १८८९ च्या पेटंटचा उल्लेख असतो; संग्राहक तिला कोड्याची पेटी म्हणतात, कारण परत मिटताना खरंच कोडं पडतं. आतल्या भागांवर 'सिमान्को' असं कोरलेलं असेल तर ते मूळ सिंगरचे.

७. कुठे फसतात

"१८५१ ची आहे ताई." मशिनीच्या खांबावर पितळी गोल बिल्ला, त्यावर निळी कड आणि १८५१–१९५१ असे आकडे. पहिलाच आकडा वाचून विकणारा पावणेदोनशे वर्षांची गोष्ट सांगायला लागतो. आयझॅक सिंगरला पेटंट मिळालं ते वर्ष १८५१; त्याच्या शंभरीनिमित्त १९५१ च्या सुमारास बनलेल्या मशिनींवर हा बिल्ला लावला. म्हणजे मशीन पंचाहत्तरीची. वाईट नाही, उलट चालायला फार छान असतात, पण भाव त्या हिशेबानं द्या.

नवा रंग. आरशासारखा चमकणारा काळा रंग आणि चटक पिवळी नक्षी म्हणजे बहुधा ऑइलपेंटवर चिकटवलेलं स्टिकर. खरी नक्षी हात लागतो तिथं, म्हणजे पुढच्या कडेला, पुसट झालेली असते. पुढची कड नवी कोरी आणि पट्ट्या गंजलेल्या, असं दिसलं की समजा. स्क्रूच्या खाचेत रंग भरलेला असेल तर खात्रीच. माझी ती पहिली मशीन अशीच होती. आत्ता तिच्या रंगाचे पोपडे निघतात आणि खालून मूळ स्फिंक्स डोकावतो. इजिप्तच्या नक्षीची ही मशीन तुतनखामेनची कबर सापडल्यानंतरची, असं कुणी ठासून सांगितलं तर ऐकून घ्या. स्फिंक्सची नक्षी १९२२ च्या आधीपासूनची आहे.

लाल पारा. कुणीतरी फोन करेल: जुन्या सिंगरमध्ये 'रेड मर्क्युरी' असतो, लाखांत घेतो, मोबाईल जवळ नेऊन बघा, लाइन कट होते का. २००९ मध्ये सौदी अरेबियात ही अफवा इतकी पसरली की जुन्या मशिनींचे भाव आकाशाला भिडले. मशिनीत लोखंड, थोडं पोलाद आणि तेल असतं, बाकी काही नाही. असा फोन मलाही आला होता. 'आधी तपासणी शुल्क भरा' म्हणाले तेव्हा ठेवून दिला.

सनमायका. टेबलावर हिरवट किंवा लाकडी छापाचा सनमायका मारलेला दिसला तर निराश होऊ नका. खाली अनेकदा जुनं सागवान शाबूत असतं. पण विकणारा त्याला 'नवीन टॉप' म्हणून पैसे मागेल, ते देऊ नका. तो काढायला तुम्हालाच सुताराला पैसे द्यायचेत.

८. कागदपत्रं

पायमशिनीला कसला आलाय कागद, असं वाटेल. तरी एवढं ठेवाच:

- विकणाऱ्याची सही असलेली साधी पावती: तारीख, रक्कम, मशीनचा नंबर
- मशीन, नंबर, टेबल आणि ड्रॉवर यांचे घेतेवेळचे फोटो
- नातेवाइकाकडून आली असेल तर कुणाची, कुठल्या गावची, कशासाठी घेतली, हे एका पानावर लिहून त्यांची सही
- सोसायटीतून बाहेर काढताना गेटपास. वॉचमन खरंच अडवतो

परदेशी राहणाऱ्या लेकीला किंवा भावाला पाठवायची असेल तर हा भाग नीट वाचा. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वगैरे वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी आहे. मशीन त्याहून नवी असली तरी कस्टममध्ये वयाचा प्रश्न निघतो. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात फोटो आणि नंबर घेऊन जा, 'ही पुरावस्तू नाही' असा दाखला मिळतो का ते विचारा, आणि त्यानंतरच पॅकिंगवाल्याला बोलवा. उलट्या क्रमानं गेलात तर लाकडी खोक्याचे पैसे गेले समजा.

९. घरी आणताना

वरची मशीन टेबलावर ठेवून कधीही उचलू नका. आधी पट्टा उतरवा. मशीन मागे कलती करा. मशिनीच्या तळाखाली मागच्या कडेला, बिजागऱ्यांजवळ दोन छोटे स्क्रू असतात, ते सैल केले की मशीन उचलून बाहेर येते. ती वेगळी गोणपाटात गुंडाळा. स्टँड टेम्पोत उभंच ठेवा, आडवं टाकलं तर एका खड्ड्यात पाय तडकतो. आणि पट्ट्या, शटल, बॉबिनी, स्क्रू हे सगळं एका डब्यात घालून तो डबा स्वतःच्या मांडीवर. सिंगरच्या स्क्रूंचे आटे नेहमीच्या स्क्रूंसारखे नसतात, एक पडला तर हार्डवेअरच्या दुकानात त्याचा जोड मिळत नाही.

१०. साफसफाई

घाई करू नका, हे आठवड्याचं काम आहे.

आतलं आधी. सुईखालची भोकाची पट्टी एक-दोन स्क्रूंनी उघडते. खाली कापसाचा करडा नमदा बसलेला असतो, चिमट्यानं अख्खा उचलून निघतो. मग जिथं जिथं भोक आहे आणि जिथं धातू धातूवर घासतो, तिथं मशीनचं पातळ तेल दोन-दोन थेंब. चाक फिरवा, रात्रभर ठेवा. सकाळी खाली काळं, चहासारखं गळलेलं दिसेल. पुसा, परत तेल द्या. तीन-चार दिवसांत चाक मऊ पडतं.

आता आपल्या घरांमधला खास रोग: खोबरेल. घरात मशीनचं तेल संपलं की डोक्याचं तेल घालायची रीत होती. ते साचून पिवळं, चिकट होतं. चिपळूणच्या आत्याची मशीन 'थंडीत जाम होते, उन्हाळ्यात चालते' म्हणून वीस वर्षं पडून होती. आम्ही हेअर ड्रायरनं तिला शेक दिला, सांध्यांवर रॉकेलचे थेंब सोडले आणि चाक ताकद न लावता पुढेमागे डोलवत राहिलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते अचानक पूर्ण फिरलं आणि आत्या स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनी धावत आली. रॉकेल फक्त आतल्या लोखंडावर, तेही बेतानं, आणि नंतर तेल द्यायला विसरू नका, कारण रॉकेलनं उरलंसुरलं वंगणही धुतलं जातं. हातोडी आणि पाना लावून चाक फिरवायला जाल तर आतली दांडी वाकेल.

बाहेरचं नंतर, आणि फार जपून. काळ्या रंगावर सोनेरी नक्षी आणि त्यावर लाखेच्या वार्निशचा पातळ थर, अशी जुनी रचना असते. स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसायचा फवारा, साबणाचं पाणी यातलं काहीही लावू नका. लॉकडाऊनमध्ये ओळखीच्या एका बाईंनी आईची मशीन सॅनिटायझरनं पुसली. वार्निश पांढुरकं झालं आणि नक्षी फडक्यावर आली. कापसाला मशीनचंच तेल लावून, आधी मागच्या बाजूला कोपऱ्यात करून बघून, हलक्या हातानं गोल गोल पुसा. कापूस तपकिरी येतो तोवर ठीक. सोनेरी दिसायला लागला की त्या क्षणी थांबा.

११. लाकूड

परदेशातून आलेल्या टेबलांना आणि कॅबिनेटांना ओक किंवा अक्रोडाचं पातळ व्हिनियर सरसानं चिकटवलेलं असतं. पाणी हा सरसाचा वैरी, त्यामुळे कोकणातल्या आणि गोव्यातल्या मशिनींची व्हिनियरं कडांनी पापडासारखी उठतात. पण त्यातच एक सोयही आहे: सरसाला ऊब आणि किंचित ओल मिळाली की तो परत मऊ होतो. उठलेल्या जागी ओलसर फडकं, वर कोमट इस्त्री क्षणभर, मग जाड पुस्तकं किंवा पाट्याचा भार रात्रभर. निघून गेलेला तुकडा मात्र कपाटात जपून ठेवा. सुतार तोच परत बसवू शकतो.

इथे बनलेली सागवानी टेबलं भरीव असतात, त्यांना एवढं नाजूकपण नाही. पिठासारखी भुकटी खाली पडलेली दिसली तर कीड चालू आहे. मशीन घरातल्या इतर लाकडाजवळ नेण्याआधी इलाज करा. पॉलिशवाल्याला बोलावलंत तर त्याच्या हातात पॉलिश पेपर जाऊ देऊ नका. व्हिनियर कागदाएवढं पातळ असतं, दोन हात मारले की संपलं. मेण थोडं गरम करून फडक्यानं चोळलं तरी पुष्कळ होतं.

१२. पट्टा घालणे आणि पाय बसवणे

गोल चामड्याचा पट्टा टेलरिंगच्या दुकानात मिळतो. मोठ्या चाकावरून, टेबलाच्या दोन भोकांतून, हातचाकावरून फिरवून टोकं जुळवा, कापा, भोक पाडून तारेच्या चिमट्यानं जोडा. घट्ट ओढू नका. चाक घसरणार नाही इतकाच ताण हवा, नाहीतर पाय भरून येतात. नवा पट्टा आठवड्याभरात सैल पडतोच, तेव्हा थोडा कापून परत जोडायचा. काम संपलं की पट्टा मोठ्या चाकावरून उतरवून ठेवा, घरातल्या लहान मुलांच्या बोटांसाठी.

मग सुई काढून, धागा न घालता, नुसता पाय चालवायला शिका. सुरुवात हातानं चाक अंगाकडे ढकलून, पाय मागून येतो. एक पाऊल थोडं पुढे, दुसरं थोडं मागे, टाच आणि चवडा आलटूनपालटून. पहिले दोन दिवस चाक हमखास उलटं जाईल. धागा घातलेला असताना उलटं गेलं की आत गुंता होतो, म्हणूनच आधी रिकामं. रेडिओ लावून बसा. मला 'आपली आवड'च्या दोन कार्यक्रमांत पाय बसला, माझ्या लेकीला एकाच संध्याकाळी. तिनं लगेच वहीचा कागद घातला, सुई लावली आणि वाकड्यातिकड्या भोकांच्या सहा ओळी मारल्या. तो कागद अजून उजवीकडच्या वरच्या ड्रॉवरमध्ये आहे, जांभळ्या धाग्याच्या बॉबिनीशेजारी.